अंदमानची सहल आणि बार्शीचं स्थळ

पत्र सोलापूरहून आलं आहे. लिहिणारे 33 वर्षांचे, अविवाहित. घरचा टॉवेलचा छोटा कारखाना वडील आणि ते मिळून बघतात. आपण गे आहोत हे त्यांना कॉलेजपासून ठाऊक आहे, घरात कुणालाही नाही. पुण्यातल्या गे पुरुषांच्या एका गटाशी त्यांची ओळख झाली. ट्रेक, सिनेमा, कधी कुणाच्या घरी जेवण, असं त्यांचं चालतं. हा गट आता 26 जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत अंदमानला निघाला आहे. 12 जण, माणशी साधारण 45 हजार, पैसे महिनाअखेरपर्यंत भरायचे. ते लिहितात : ‘जावंसं फार वाटतं. पण फोटो बाहेर गेले तर? घरी काय सांगू? शिवाय ते सगळे पुण्या-मुंबईचे, फाडफाड इंग्रजी बोलणारे, जिमला जाणारे. मला धड पोहताही येत नाही. आणि असल्या सहलीत काय चालतं ते सांगायला नको. इकडे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली की बार्शीच्या एका मुलीला बघायला जायचं घरच्यांनी ठरवलंय. ताई, एकदा जगून घ्यावं आणि मग घरच्यांच्या मनासारखं करावं, की मुळात जाऊच नये? एकदा गेलो की परतीचा रस्ता बंद होईल असं वाटतं.’

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं अंदमानवर आहेत आणि बार्शीच्या मुलीच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : ‘मुलगी बी.कॉम. आहे, घर चांगलं आहे.’ मला हे माप उलटं वाटतं. तरी विचारलंय ते आधी बघू, कारण सहलीबद्दलचे तुमचे प्रश्न खरे आहेत आणि असे प्रश्न पडणारे तुम्ही एकटे नाही.

परतीच्या रस्त्यापासून सुरुवात करते. चार दिवसांच्या सहलीनं कुणी गे होत नाही आणि घरी बसल्यानं व्हायचं राहत नाही. कॉलेजपासून ठाऊक आहे असं तुम्हीच लिहिता, मग समुद्र बघितल्यावर नवीन काय होणार आहे? मला वाटतं, सहल वाईट होईल ही तुमची भीतीच नाही. ती चांगली झाली तर काय, ही आहे. दिवसभर आवाज न बदलता, हात कुठे ठेवावेत याचा विचार न करता चार दिवस काढले, आणि मग परत येऊन पोह्यांच्या बशीसमोर बसायचं. ते जड जाईल. जाणारच. पण ते जड आहे हे तुम्हाला आजही कळतंय, त्यासाठी अंदमानातल्या हॅवलॉक बेटापर्यंत जायला नको.

आणि ‘एकदा जगून घ्यावं’ हे तर मला अजिबात पटलं नाही. उद्यापासून कडकडीत उपास म्हणून आज गळ्यापर्यंत जेवून घ्यावं, तसं हे झालं. त्यानं आजचं जेवणही गोड लागत नाही. असं ठरवून गेलात तर त्या चार दिवसांकडून तुम्ही जन्माचं सुख मागाल. बारा पुरुष, दोन बोटी आणि एक हॉटेल मिळून ते देऊ शकत नाहीत. सहलीला सहल म्हणून जा.

आता व्यवहाराचं बोलू. कायद्याची भीती तुम्ही थेट लिहिलेली नाही, पण ओळींमधून दिसते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं दंडसंहितेचं कलम 377 प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना लागू होणार नाही. 1 जुलै 2024 पासून त्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम घेतलेलंच नाही. अंदमानला हाच कायदा लागू आहे. दोन पुरुषांनी एक खोली घ्यायला मनाई करणारा कुठलाही कायदा नाही, आणि खरं सांगायचं तर दोन मित्रांनी खोली वाटून घेतली याचं आपल्याकडे कुणाला काही वाटतही नाही. याच बाबतीत आपला समाज चुकून उदार आहे. गटात आधी मालदीवचा विषय निघाला होता असं तुम्ही म्हणता. तो बारगळला ते बरं झालं, तिथे पुरुषांमधले संबंध कायद्यानं गुन्हा आहेत. श्रीलंकेच्या दंडसंहितेतही इंग्रजांच्या काळातलं तसलं कलम आहे. उलट मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये ते कलम काढून टाकलं आणि थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून समलैंगिक जोडप्यांची लग्नं कायदेशीर झाली. म्हणून बेट कुठलंही असो, समुद्राचा रंग बघायच्या आधी तिथला कायदा बघावा, हे इतर वाचकांसाठीही.

घरी काय सांगायचं, यावर तुम्ही एक पूर्ण पान खर्च केलंय. मला तर हा सगळ्यात सोपा भाग वाटतो. ‘पुण्याच्या मित्रांबरोबर अंदमानला चाललोय’ हे शंभर टक्के खरं वाक्य आहे. अंदमान म्हटल्यावर सोलापुरात कुणाची भुवई वर जात नाही. सेल्युलर जेल बघून आलेलं एखादं तरी माणूस प्रत्येक गल्लीत असतं. तुमची अडचण वेगळीच होईल : आई म्हणेल, ‘आम्हालाही ने की रे, किती दिवस म्हणतोय!’ त्याचं उत्तर तयार ठेवा. पुढच्या वर्षी त्यांना खरंच घेऊन जा. सगळं न सांगणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे, आणि 33 वर्षांच्या माणसानं मित्रांचा सगळा तपशील घरी द्यायलाच हवा असा नियम नाही. मात्र हॉटेलचं नाव, बोटीच्या वेळा आणि गटातल्या एकाचा नंबर घरी लिहून ठेवा. गुपितापायी तुमचा ठावठिकाणाच कुणाला माहीत नाही असं होऊ देऊ नका.

फोटोंची भीती मात्र रास्त आहे. इथे भिडस्तपणा नको. पैसे भरायच्या आधी गटात स्पष्ट विचारा : फोटो कोण काढणार, कुठे टाकणार, ज्यांना नको त्यांचं काय? बऱ्याच गटांत ‘चेहरा दाखवायचा नाही’ म्हणणारे चारपाच जण असतात, तुम्ही पहिले नसाल. या प्रश्नावर कुणी हसलं किंवा ‘अरे, इतका काय घाबरतोस’ म्हणालं, तर हा गट अजून तुमच्यासाठी नाही असं समजा. स्वतःचा फोनही बघा. कारखान्याच्या कॉम्प्युटरवर किंवा घरच्या टीव्हीवर तुमचं गूगल खातं उघडं असेल, तर किनाऱ्यावर काढलेला फोटो संध्याकाळी तुमच्या बैठकीच्या खोलीत पोचलेला असेल. लोकांचं बिंग फुटतं ते बहुतेक वेळा शत्रूमुळे नाही, या असल्या आपोआप चालणाऱ्या सोयींमुळे.

त्यात आणखी एक. बेटावर गेल्यावर डेटिंग ॲप उघडून अनोळखी माणसाला भेटायचा मोह टाळा. ॲपवर ओळख काढायची, एकांतात बोलवायचं, व्हिडिओ काढायचा आणि ‘घरी सांगू’ म्हणून पैसे उकळायचे, हा धंदा मोठ्या शहरांत चालतो आणि छोट्या गावांतही. कुणावर अशी वेळ आलीच, तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज आणि नंबर जपून ठेवा, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. खंडणी उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा आहे. गुन्हेगार तो असतो, तुम्ही नाही.

‘असल्या सहलीत काय चालतं’ हे तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलंय की मला जरा हसू आलं. बारा माणसांच्या सहलीत मुख्यतः काय चालतं तर बाथरूमला आधी कोण, बिल कुणी भरलं आणि एक जण नेहमी उशीर का करतो यावरची भांडणं. गे माणसांची सहल याला अपवाद असते असं मी तरी ऐकलेलं नाही. आणि समजा कुणी आवडलं, कुणाला तुम्ही आवडलात, तर? तुम्ही सज्ञान आहात. नाही म्हणायचा हक्क खोली वाटून घेतली म्हणून संपत नाही, दोन पेग झाले म्हणून तर नाहीच. खोलीतला जोडीदार कोण हे आधी विचारून घ्या. कंडोम जवळ ठेवा. निरोध न वापरता संबंध आले, तर एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, आपल्या सिव्हिलमध्येही, आणि ती माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ओळखीचं कुणी दिसेल ही भीती असेल तर पुण्यात करा. माहितीसाठी 1097 हा राष्ट्रीय नंबर आहे.

राहिला प्रश्न ‘ते आणि मी’चा. यात मी तुमची समजूत घालणार नाही, कारण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. गे माणसांच्या गटांतही पैसा असतो, जात असते, इंग्रजी असतं, कुणाचं पोट किती सुटलंय हे बघणारे डोळे असतात. जगानं ज्यांना बाजूला काढलं ते आपोआप एकमेकांशी चांगले वागतात, असं होत नाही. तिथे बारा जणांत एकटं पडल्यासारखं वाटू शकतं, आणि ते घरातल्या एकटेपणापेक्षा जास्त बोचतं, कारण इथे तरी आपलं जमेल असं वाटलेलं असतं. म्हणून 45 हजार भरायच्या आधी एका रविवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडा आणि पुण्याला जाऊन सहलीला निघालेल्यांपैकी तिघाचौघांना दिवसभर भेटा. इंग्रजी कुणाचं कसं आहे ते बघू नका. तुम्ही मराठीत बोललात की समोरचा मराठीत येतो का, हॉटेलातल्या पोऱ्याशी कसा बोलतो, तुम्ही बोलायला लागल्यावर फोन खाली ठेवतो का, ते बघा. दोन माणसं जरी अशी सापडली तरी सहल पार पडते. नाही सापडली तर पैसे वाचले. समलैंगिकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत : पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 मध्ये सुरू झाला, मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे. माणसं भेटायचे आणखीही रस्ते आहेत, आणि त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.

पोहता येत नाही याचं टेन्शन सोडा. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाबरोबर पाण्याखाली नेतात. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. डायव्हिंगनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नसतं, त्यामुळे ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्रीविजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, मुक्कामाला या. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि मग बेटावर अडकून कारखान्यात फोन करत बसावं लागतं. तिथे जानेवारीत सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे किनाऱ्यावर दुपारीच पोचा. पैसे कुणाच्या खात्यात जातायत आणि रद्द झालं तर परत किती मिळणार, हे मित्र झाले तरी लेखी विचारा.

तर माझं मत : पुण्याची भेट बरी झाली, फोटोंचं नीट ठरलं आणि 45 हजार जड जात नसतील, तर जा. यातलं काही जमत नसेल तर नका जाऊ. दोन्हींत तुमचं आयुष्य बदलत नाही.

बदलतंय ते बार्शीत.

तुम्ही लिहिलंय, ‘मग घरच्यांच्या मनासारखं करावं’. या वाक्यात घरचे आहेत, तुम्ही आहात. ती नाही. या सदराला तिच्यासारख्या बायकांचीही पत्रं येतात, म्हणून तिच्या वतीनं थोडं बोलते. लग्नाला वर्ष होतं, नवरा चांगला असतो, मारत नाही, पीत नाही, पगार हातात देतो. फक्त जवळ येत नाही, किंवा येतो तो डोळे मिटून, काम उरकल्यासारखा. ती आधी स्वतःला दोष देते. मी काळी आहे का, जाड आहे का, तोंडाला वास येतो का. मग सासू मूल कधी म्हणून विचारायला लागते आणि तपासण्या तिच्याच होतात. माहेरी सांगावं तर काय सांगावं? एकीनं लिहिलं होतं की नवऱ्यानं एकदा तरी मारलं असतं तर निदान माहेरी सांगायला कारण मिळालं असतं. फसवणुकीच्या कारणावरून लग्न रद्द करून मागायची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. पण त्यासाठी भर कोर्टात काय काय बोलावं लागेल, याचा विचार करा. ते तिला बोलावं लागेल, तुम्हाला नाही.

लग्न झालं की हळूहळू जमेल, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल किंवा तुम्हीच स्वतःला सांगत असाल. नाही जमत. समलैंगिकता हा आजार नाही, असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं 2018 मध्येच जाहीर केलं आहे, आणि ‘बरं करून देतो’ म्हणणारा उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सांगितलं. जिथे डॉक्टरांनी हात टेकले तिथे एका बी.कॉम. झालेल्या मुलीनं तुम्हाला बदलावं ही अपेक्षा कशी ठेवायची?

तुम्ही गड्ड्याचा उल्लेख केलात म्हणून एक आठवण करून देते. यात्रेतला अक्षता सोहळा लहानपणापासून बघत आला असाल. कथा तुम्हाला ठाऊकच आहे : कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाची इच्छा धरली आणि त्यांनी तिला सांगितलं की माझं लग्न होऊ शकत नाही. मग योगदंडाशी तिचा विवाह लागला. विरक्त योग्याशी तुमची बरोबरी करत नाहीये, कुणी तसा अर्थ काढू नये. पण ‘मला लग्न करता येणार नाही’ हे समोर सांगणारा पुरुष या गावाला परका नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

आता हे करायचं कसं? घरी सगळं सांगून टाका, असं मी म्हणणार नाही. तुमचं घर, पगार आणि काम एकाच छताखाली, एकाच माणसाच्या हातात आहे. वडील चिडले तर नोकरी आणि निवारा एका दिवसात जाऊ शकतो. आधी स्वतःच्या नावावर वेगळं बचत खातं ठेवा, त्यात सहा महिने निघतील एवढे पैसे साठू द्या. व्यापाऱ्यांशी, बँकेशी तुमचे स्वतःचे संबंध असू द्या. सांगायचं की नाही आणि कधी, ते नंतर ठरवा. विजापूरला दिलेल्या थोरल्या बहिणीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की ‘तिला बहुधा संशय आहे आणि ती काही बोलत नाही’. मला ते आशेचं वाटलं. एखादा शनिवार-रविवार तिच्याकडे राहून या. मन फारच दाटून आलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

पण लग्नाला नाही म्हणण्यासाठी गे आहोत हे सांगावंच लागतं असं नाही. ‘मला लग्न करायचं नाही’ एवढंच म्हणा आणि तेच म्हणत राहा. ‘कारखान्याचं कर्ज फिटू दे’, ‘पत्रिका जुळत नाही’ असली कारणं देऊ नका. कर्ज फिटतं, पत्रिका जुळवून आणणारे भेटतात आणि मग तुमच्याकडे कारण उरत नाही. आई रडेल. वडील आठवडाभर कारखान्यात बोलणार नाहीत. आत्या मध्यस्थी करायला येईल आणि तुमच्यात ‘काही कमी आहे का’ असं आडून विचारेल. हे सगळं सोसावं लागेल, आणि ते सोपं नाही हे मला कळतंय.

फक्त हे बघायला जायच्या आधी करा. बघून मग नकार दिलात तर बार्शीत तिच्या नावावर एक नकार जमा होतो, पुढचं स्थळ त्याचं कारण विचारतं. तुम्ही गेलाच नाहीत तर तिच्यावर काहीच येत नाही. मध्यस्थाला स्वतः फोन करा, वडिलांवर सोपवू नका. म्हणा, ‘मुलीबद्दल काही नाही, मला सध्या लग्नच करायचं नाही, तुम्ही त्यांना दुसरीकडे बघायला सांगा.’ दोन मिनिटांचा फोन आहे. अंदमानचे पैसे भरायला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, हा फोन त्याआधी झाला पाहिजे.